भरतीच्या वेळी आलेली पालखी

हे गेले आणि माझं देवाशी बोलणं बंद पडलं. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडणात निदान दोघं समोरासमोर तरी असतात. माझं तसंही काही नव्हतं. सकाळी अंघोळ झाली की सवयीनं निरांजन लावायचे, हात जोडायचे आणि जोडलेल्या हातांचं पुढे काय करायचं ते कळायचं नाही. यांच्या आजारपणात मी अंबादेवीचा एकही मंगळवार चुकवला नव्हता. अमरावतीचं ऊन डोक्यावर घेऊन गेले, उपास केले, ओटी भरली, नवस बोलले. नागपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या करता याव्यात म्हणून साठीच्या तोंडावर गाडी चालवायला शिकले. जे जे माझ्या हातात होतं ते सगळं केलं आणि तरीही ते गेले. त्यानंतर मागायचं तरी काय, हा प्रश्नच होता. देवीवर राग नव्हता. तिला माझं ऐकू जात नसावं, एवढंच वाटायचं.

माझा स्वभाव आधी सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. मी मुलींच्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका होते. गळ्यात शिट्टी आणि समोर शे-दोनशे मुलींची रांग, यातच माझा जन्म गेला. आजही माणूस भेटला की त्याचा चेहरा मला नंतर दिसतो, आधी तो उभा कसा आहे ते दिसतं. कुणी पोक काढून बसलं की हात शिवशिवतात. अशा बाईला 'आता तू काही करू नकोस, आम्ही बघतो' असं म्हटलेलं कसं चालेल? माझा मुलगा सुजय पुण्याला असतो. वडील गेल्यावर त्यानं नेमकं हेच म्हटलं. घर बंद कर आणि माझ्याकडे ये. त्याचं चुकत नव्हतं, त्याला माझी काळजी होती. पण त्याच्या सातव्या मजल्यावर राहून मी सकाळी उठून कुणाला हुकूम सोडणार? मी ठाम नाही म्हणाले, आणि वर शाळेच्या फेऱ्या करणारी एक जुनी पिवळी व्हॅन विकत घेऊन बसले.

बडनेऱ्याच्या एका सुताराकडून आत झोपायची फळी करून घेतली, खाली भांड्यांसाठी खण केले. एक छोटी गॅसची शेगडी, पाण्याची कॅन, खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे. मी तिला घरगाडी म्हणायचे. होस्टेलमधल्या मैत्रिणी आता जिथे जिथे आहेत तिथे तिथे जायचं आणि येता-जाता समुद्र बघायचा, असा बेत होता. समुद्र मी आयुष्यात शाळेच्या सहलीबरोबरच पाहिलेला. सहलीला गेलेल्या शिक्षिकेला समुद्र दिसत नाही, पाण्यात शिरणाऱ्या पोरी दिसतात. सुजयनं महिनाभर वाद घातला आणि शेवटी एका अटीवर मान्य केलं. वाटेत काहीही बिघडलं तर गाडी विकायची, अमरावतीचं घर बंद करायचं आणि निमूटपणे पुण्याला यायचं. मी चटकन हो म्हणाले. बिघडणार नाही याची मला खात्री होती.

पहिला मुक्काम अकोल्याला, नलूकडे. नलिनी होस्टेलची मैत्रीण, अतिशय देवभोळी आणि तितकीच तोंडाळ. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, पडदा बाजूला करून आत डोकावली आणि म्हणाली, "काऊन वं, या वयात घर पाठीवर घेऊन फिरून राहिली? गोगलगाय झाली का तू?"

मी म्हटलं, "घरात बसून काय करू? भिंती पाठ झाल्या मले."

रात्रीच्या जेवणाला तिनं भाकरी आणि झणझणीत पाटोडीची भाजी केली होती. निघताना म्हणाली, "अडचण आली त देवीले हाक मार." मी हाका मारणं सोडलं असं सांगितल्यावर तिनं वाद घातला नाही. गाडीच्या दाराशी उभी राहून एवढंच बोलली, "तू नोको मारू. तिले आयकू येते." नलूला कोण समजावणार. मी हसले आणि गाडी सुरू केली.

वाटेत पुण्याला एक रात्र थांबले. सुजय सकाळी खाली आला, चारही चाकांची हवा तपासली आणि अटीची पुन्हा एकदा आठवण करून दिली. तिथून घाट उतरून मी समुद्राला लागले आणि पुढचे दिवस खरोखर सुखाचे गेले. अलिबागकडे होस्टेलच्याच विजयाच्या घरी दोन दिवस राहिले. तिच्या नातीला सूर्यनमस्कार शिकवले. मग दक्षिणेकडे निघाले. कधी जेटीवरून फेरीबोटीत गाडी चढवली, कधी सुरूच्या झाडांखाली उभी करून भात लावला. सकाळी मागचं दार उघडलं की समोर पाणीच पाणी. आमच्याकडे नजर लांब जाते ती तुरीच्या आणि कपाशीच्या ओळींवरून जाते, तिला शेवटी कुठेतरी धुरा, म्हणजे शेताचा बांध, किंवा बाभूळ लागते. इथे नजरेला काही लागतच नव्हतं. मी तासन्‌तास नुसती बसून राहायचे. यांची आठवण यायची, पण ती बोचायची नाही. हे असते तर दहा वेळा चहा मागितला असता, एवढंच मनात यायचं आणि मी स्वतःसाठी चहा टाकायचे.

शैलाच्या गावाला पोचणार होते तो दिवस होळीनंतरचा होता. शैला मूळची कोकणातलीच. शारीरिक शिक्षण शिकायला थेट अमरावतीला आलेली आणि तीन वर्षं माझ्या खोलीत राहून आमच्या तिखटाला नावं ठेवणारी. तिच्याकडे दुपारी जेवायला पोचायचं ठरलं होतं. दापोलीच्या पुढे एका छोट्या गावातून किनाऱ्याशी आले तर होड्या उतरवायचा एक उतार दिसला आणि खाली लांबच लांब मोकळी वाळू. शैलाची वाडी त्या किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, रस्ता मात्र डोंगराला वळसा घालून जाणारा. हातात बराच वेळ होता. म्हटलं, खाली उतरून पाण्याच्या समोर गाडी लावू, चहा घेऊ आणि मग जाऊ.

इथे माझ्यातली वऱ्हाडी बाई मला नडली. माझं माहेर धामणगाव रेल्वेजवळच्या एका खेड्यात, सगळी काळी जमीन. आमच्याकडे लहान पोरालाही कळतं की कोरड्या मातीवरून वाटेल ती गाडी न्या, पण ओल दिसली की बाजूनं घ्या. भिजलेली काळी माती चाकाला अशी धरते की बैलजोडीही हात टेकते. तर उतारावरून खाली आल्यावर मला दिसलं की पाण्याच्या बाजूची वाळू ओली, चकचकीत आहे आणि तिच्यावरून एका टेम्पोच्या चाकांचे ठसे गेलेत. मनात म्हटलं, कोण हा शहाणा ओल्यातून गाडी घालणारा. अलीकडे पांढरी, कोरडीठाक वाळू पसरली होती. मी मोठ्या हुशारीनं गाडी त्या कोरड्यातून घातली. थोडं अंतर गेले असेन, मागचा भाग खाली बसल्यासारखा वाटला. मी जोर दिला. चाक गरगरलं, वाळू उडाली आणि गाडी आणखी खाली बसली.

तरीही मी घाबरले नाही. रुतलेल्या गाडीचं काय करायचं ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे चाकाखाली पऱ्हाट्या सारतात, कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या काटक्या. उतरून सवयीनं इकडेतिकडे पाहू लागले आणि माझं मलाच हसू आलं, तिथे कुठल्या आल्यात पऱ्हाट्या. मग सतरंजी घातली, फळीवरची गादी घातली, चाकानं दोन्ही गिळल्यासारखी आत ओढली. हातानं वाळू उपसावी तर वरून तेवढीच घसरून खाली यायची. फोनला रेंज नव्हती. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव शिमग्यात होतं. दम खायला उभी राहिले तेव्हा वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची आणि तुटक्या चपलांची एक लांब रेघ दिसली. मागच्या भरतीनं आणून टाकलेली. ती रेघ माझ्या गाडीच्या अलीकडे, जमिनीच्या बाजूला होती. म्हणजे मी जिथे रुतले होते तिथवर पाणी येतं, हे समजायला मला समुद्रकाठी जन्म घ्यायची गरज नव्हती. मघाशी लांब दिसणारं पाणी आता टेम्पोचे ते ठसे पुसत होतं.

मग मात्र मी घाबरले. खारं पाणी इंजिनात शिरलं की गाडी गेली. गाडी गेली की सुजयची अट आली, आणि मग माझं अमरावतीचं अंगण, ओट्यावरची खुर्ची, सकाळी मैदानावर जाऊन पोरींना उगाच दोन सूचना देऊन येणं, सगळं गेलं. मी उरलेलं आयुष्य काळजी घेतली जाणारी म्हातारी होऊन काढणार. जीव वाचवायला मी केव्हाही चालत वर जाऊ शकत होते, पण माझं जगणं त्या वाळूत रुतलं होतं आणि मला ते हलवता येत नव्हतं. नलू आठवली. नाव अगदी जिभेवर आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण तिथेच अडलं. यांच्यासाठी पदर पसरून मागितलं ते मिळालं नाही, आता एका व्हॅनसाठी कोणत्या तोंडानं मागू? मला लाज वाटली. मी हाक मारली नाही. गाडीच्या पायरीवर बसून रडले.

तेवढ्यात ढोल ऐकू आला. आधी वाटलं लाटांचाच आवाज, पण त्याला ताल होता. किनाऱ्याच्या वळणावरून माणसं आली, ढोल-ताशा वाजवत, आणि त्यांच्यामध्ये फुलांनी मढवलेली पालखी. कोकणात शिमग्याला ग्रामदेवी पालखीत बसून घरोघर जाते, हे शैलाकडून पूर्वी ऐकलं होतं. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत पालखी नेणारे ते लोक होते, काही पुरुष, काही बाया. पालखी तीरावरूनच नेण्याची त्यांची जुनी वाट. ती माझ्यापाशी येऊन थांबली. एकानं चाकं बघितली आणि म्हणाला, "बाय, कोरड्यात कशाला घातलीत गाडी? हितं सगळी ओल्यातनं नेतात."

पाणी बघून त्यांची आपसात बोलणी झाली. गाडी काढायची तर सगळ्या गड्यांना लागायला हवं होतं, पालखी घेतलेल्यांनाही. पण पालखी वाळूवर ठेवता येत नाही. तिच्या टेकण्याची जागा ठरलेली असते, सहाण म्हणतात तिला, आणि तिथवर ती कुणाच्या तरी खांद्यावरच राहते. माझ्याच वयाची एक ठेंगणी बाई पुढे आली. "मागनं मी नि माझी जाव घेतो," म्हणाली. "फुडनं ही पोर आणि ह्या बाय."

"पाहुणीला?" एक जण म्हणाला.

आरतीचं ताट धरलेले एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले. ते म्हणाले, "आईच्या वाटंत उभ्या हायत. मग आईच्याच झाल्या."

मला हो-नाही म्हणायला कुणी वेळ दिलाच नाही. माझ्या वाळूनं भरलेल्या हातांवर पाणी ओतलं, डोक्यावरून पदर घ्यायला लावला आणि दांडा खांद्यावर आला. पालखी जड होती. मी आयुष्यभर व्यायाम केलेली बाई, तरी दांडा दोन्ही हातांनी धरावा लागला. कानाशी रेशमी साडीचा काठ लागत होता, अबोली आणि धुपाचा वास येत होता. मागे म्हातारे सोडून सगळे पुरुष गाडीला भिडले आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. ते वेगवेगळ्या वेळी जोर लावत होते, हे मला नुसत्या आवाजावरून कळत होतं. मी मान वळवून ओरडले, "एकदम लावा, एक-दोन म्हणा आणि..." त्याबरोबर पालखी एका बाजूला कलली.

मागून ती बाई शांतपणे म्हणाली, "बाय, तुमी तिकडं नका बघू. आईचं तोंड गावाकडं पायजे. तुमी समोर बघा."

मी समोर पाहिलं. समोर माडांची रांग आणि कौलारू घरं. पाठीमागे समुद्र, माझी गाडी आणि माझं पुढचं सगळं आयुष्य. आणि मला तिकडे बघायची परवानगी नव्हती. हात दांड्याला गुंतलेले, मान सरळ. काय चाललंय ते दिसत नाही, सूचना करता येत नाही, धावत जाता येत नाही. अशी मी जन्मात कधी उभी राहिले नव्हते. यांच्या शेवटच्या दिवसांतसुद्धा मी सतत काहीतरी करत होते, सलाइन बघ, औषध आण, डॉक्टरला गाठ. थोडा वेळ मी आतून तडफडले. पाणी पायांना लागलं, घोट्यापर्यंत आलं. मग ढोलवाल्या दुसऱ्या म्हाताऱ्यानं हळू ठेका धरला आणि पालखी डोलू लागली. ती देवी स्वतः डोलते असं तिथले लोक म्हणतात. मी त्यावर काही म्हणणार नाही. मी इतकंच सांगू शकते की माझे पाय कधी हलू लागले ते मला कळलं नाही, आणि ते बरोबर पडताहेत की नाही हे बघायचंही सुचलं नाही. तोंडातून शब्द आले, "माय, आता तूच पाह्य." गाडीसाठी म्हणाले की यांच्यासाठी की स्वतःसाठी, कोण जाणे. पण इतक्या दिवसांनी मी तिच्याशी बोलले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मागे एकदम गलका झाला, इंजिनाचा आवाज चढला. थोड्या वेळानं माझी पिवळी गाडी माझ्या शेजारून, ओल्या वाळूवरून डौलात पुढे गेली. तिच्या खालून खारं पाणी गळत होतं. चालवणाऱ्यानं ती माडांपाशी उभी केली, धावत परत आला आणि पालखीचा दांडा घ्यायला खांदा पुढे केला. मी सोडेना. त्याला दोनदा सांगावं लागलं, "बाय, द्या आता, सुटली तुमची गाडी." मी म्हटलं, गाडी तूच आण, मी वाडीपर्यंत येते.

ती वाडी शैलाची होती. ती दारात ओटीचं ताट घेऊन उभी, पालखीची वाट बघत, आणि पालखीच्या पुढच्या दांड्याखाली मी. भिजलेली, वाळूनं माखलेली. ओटी भरून झाल्यावर मला मिठी मारत म्हणाली, "अगं, जेवायला मी तुला एकटीला बोलावलं होतं." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची सून बाहेर येऊन बघू लागली.

जेवताना शैलानं सांगितलं की पालखी दर वर्षी त्या दिवशी त्याच वाटेनं येते. म्हणजे ती काही माझ्यासाठी वाट वाकडी करून आली नव्हती. तिच्या नेहमीच्या वाटेवर मीच जाऊन रुतले होते. कुणाला यात फक्त योगायोग दिसेल तर मी त्याच्याशी भांडणार नाही. देवीनं यांना का वाचवलं नाही, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि आता ते मिळालंच पाहिजे असा हट्टही उरलेला नाही.

संध्याकाळी शैलाच्या ओट्यावर बसून सुजयला फोन लावला. लपवता आलं असतं. गाडी सुरू होती, कुठे ओरखडाही नव्हता. पण मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तू म्हणत होता तसंच झालं. गाडी रुतली, दुसऱ्याईनं काढली. आता ठेवायची का विकायची ते तू ठरव. मी भांडणार नाही." हे शब्द माझ्या तोंडून निघताना मलाच नवल वाटलं. अमरावतीच्या घरासाठी मी दोन वर्षं त्याच्यापुढे एक इंच हटले नव्हते. आणि आता निर्णयच त्याच्यावर सोपवून मोकळी झाले.

मग त्यानं विचारलं, "आई, पालखी जड होती का वं?" पुण्याला गेल्यापासून तो माझ्याशी असं वऱ्हाडीत बोलला नव्हता.

"हो रे. खांदा दुखून राहिला."

"मंग दोन दिवस चालवू नको गाडी," तो म्हणाला. "खांदा बरा होऊ दे. मंग जा पुढं."

फोन ठेवला. आत शैला तेल गरम करत होती. मला नेहमी वाटायचं की देवीकडे जायचं ते मागायला, आणि मागून मिळालं नाही तर जायचं कशाला. त्या दिवशी मी काही मागितलं नव्हतं. तीच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, थोडा वेळ मला धर. मी धरलं. बाकीचं माझ्या पाठीमागे झालं.